विषमज्वर म्हणजे कोणता ज्वर?



आजचें माझें भाषण एका शब्दाविषयीं आहे. मी वैद्य नव्हे, डॉक्टर तर नव्हेच. मॅट्रिक होऊन आयुष्यभर मुलांना मराठी शिकविलेला एक निवृत्त शाळामास्तर. चिकलठाण्यास राहतों. आळींत कोणाला एखाद्या कागदांतला शब्द अडला कीं तो माझ्याकडे येतो, आणि मला त्याचा थोडासा अभिमानही होता. ‘होता’ असें कां म्हणतों, तेंच सांगावयाचें आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं, पावसाळा सरतां सरतां, शेजारच्या बाई आपल्या मुलाच्या औषधाचा कागद घेऊन आल्या. “गुरुजी, डॉक्टर म्हणाले, विषमज्वर आहे. म्हणजे काय हो?” मीं कपाटांतला जुना कोश काढला. नियम न पाळतां येणारा, चढणारा-उतरणारा ताप, असा कांहींसा अर्थ त्यांत निघाला. जवळच्या एका जुन्या वैद्यकग्रंथानेंही त्याला दुजोरा दिला. मीं ठामपणें सांगितलें, “अहो, हा आपला हिंवताप. उतरला कीं काळजी नको.” बाई निश्चिंत होऊन गेल्या. पांचव्या दिवशीं ताप उतरला, आणि माझ्या शब्दावर भरंवसा ठेवून त्यांनीं उरलेल्या गोळ्या बंद केल्या. दोनतीन आठवड्यांनीं मुलगा पुन्हां तापानें फणफणला व त्याला इस्पितळांत ठेवावें लागलें. त्याला टायफॉइड होता. मुलगा बरा झाला; पण त्या आठ दिवसांत त्या माउलीच्या दृष्टीस दृष्टि देण्याचें धैर्य मला झालें नाहीं.

गंमत अशी कीं, कोश खोटें बोलला नव्हता. आयुर्वेदांत विषमज्वर म्हणजे ज्याच्या येण्याजाण्याला नियम नाहीं असा ताप. माधवनिदानांत त्याचे संतत, सतत, अन्येद्युष्क, तृतीयक व चतुर्थक असे पांच प्रकार सांगितले आहेत. एक दिवस सोडून येणारा तृतीयक आणि दोन दिवस सोडून येणारा चतुर्थक, हे तर मलेरियाचेंच चित्र वाटावें. म्हणून हिंदी पुस्तकांत विषमज्वर हा शब्द पुष्कळदां मलेरियासाठीं आढळतो. पण मराठींत आज दवाखाने, वृत्तपत्रें व आरोग्यखात्याचीं पत्रकें विषमज्वर म्हणतात तें टायफॉइडला! एकच शब्द, एकच लिपी, आणि रोग दोन. एक अ‍ॅनॉफिलीस डांसाच्या मादीच्या दंशानें येतो. दुसरा साल्मोनेला टायफी या जंतूंनीं दूषित झालेल्या पाण्याअन्नांतून पोटांत शिरतो. औषधेंही अगदीं निराळीं.

तेव्हां कोश उघडण्यापूर्वीं त्याचें साल पाहावें. मोल्सवर्थच्या विख्यात कोशाची दुसरी आवृत्ति १८५७ ची. टायफॉइडचा जंतु एबर्थनें पाहिला १८८० मध्यें, आणि मलेरियाचा परोपजीवी लाव्हरांनें पाहिला तोही त्याच वर्षीं. डांसाच्या पोटांत तो सांपडला १८९७ मध्यें, सिकंदराबादेस, रोनाल्ड रॉस यांना. आमचें औरंगाबादही तेव्हां त्याच निजामी राज्यांत होतें. ज्या काळीं ताप केवळ त्याच्या चालीवरून ओळखीत, त्या काळच्या कोशाला जंतूचा जाब कसा विचारावा?

या बाबतींत बायाबापड्यांचा शब्द मला अधिक नेटका वाटतो. आमच्याकडे टायफॉइडला ‘मुदतीचा ताप’ म्हणत. शेजारच्या मुसलमान घरांत ‘मियादी बुखार’. दोहोंचा अर्थ एकच: ठरलेली मुदत भरल्यावांचून न उतरणारा. १९४८ मध्यें क्लोरँफेनिकॉल या रोगावर गुणकारी ठरलें, त्यापूर्वीं तीनचार आठवडे वाट पाहण्यावांचून इलाज नव्हता. मुलाच्या आजीनें ‘मुदतीचा’ म्हटलें असतें, तर गोळ्या खचित बंद झाल्या नसत्या.

मग पाहावें कोठें? भाषा संचालनालय १९६० मध्यें स्थापन झालें. त्याचे परिभाषाकोश उपयोगी खरे, पण त्यांत बहुधा इंग्रजी शब्दाला मराठी शब्द मिळतो, रोगाचें वर्णन नव्हे. वर्णन हवें तर मराठी विश्वकोश पाहावा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखालीं वाईस सिद्ध झालेल्या या ग्रंथाचा पहिला खंड १९७६ चा, आणि आतां तो इंटरनेटवर फुकट वाचावयास मिळतो. त्यांत टायफॉइडची नोंद ‘आंत्रज्वर’ या नांवानें आहे. आंतड्यांचा ज्वर! नांवच रोगाचें ठिकाण सांगतें. मात्र रोगाची ओळख तेथून घ्यावी, उपचार घेऊं नये; उपचार लवकर जुने होतात.

इंग्रजी नांव घेतलें म्हणजे घोटाळा टळतो, असेंही नाहीं. टायफस आणि टायफॉइड हे निराळे रोग. टायफॉइड याचा मूळ अर्थच ‘टायफससारखा’. १८५० च्या सुमारास विल्यम जेनर यांनीं त्यांतील भेद लंडनमध्यें स्पष्ट केला, तोंपर्यंत मोठमोठे डॉक्टरही दोहोंची गल्लत करीत. टायफसच्या सांथी उवांनीं पसरतात, पाण्यानें नव्हे.

त्या बाई अजूनही कागद घेऊन येतात. मन मोठें आहे त्यांचें. मी चष्मा लावतों, डॉक्टरांनीं इंग्रजींत लिहिलेलें नांव अक्षरशः वहींत उतरून घेतों, विश्वकोशांत पाहतों आणि मग दवाखान्यांत फोन करून विचारतों, “आपण म्हणतां तो हाच ना?” परवां पलीकडून आवाज आला, “गुरुजी, आज कोणता शब्द?”