पेडल नरम लागतंय? आधी तेलाची बाटली बघा

आज पापड-लोणच्याचं बोलणार नाही, हप्त्याचंही नाही. आज गाडीच्या क्लचबद्दल बोलायचं आहे. हसू नका. 2017 साली केंद्र सरकारने आजीविका ग्रामीण एक्सप्रेस योजना आणली आणि बचत गटातल्या बाईनेही गावातून प्रवासी गाडी चालवावी, अशी सोय झाली. 2019 मध्ये आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या आदिवासी मुली एसटीच्या चालक-प्रशिक्षणासाठी निवडल्या गेल्या. म्हणजे स्टिअरिंग हातात आलंच आहे. पण बॉनेट उघडलं की आपण अजूनही पदर सावरत दोन पावलं मागे सरकतो. मीही सरकत होते.

आमच्या गटाने जुनी पिकअप घेतली, भाजी आणि धान्य बाजारात न्यायला. कापूस वेचणीच्या दिवसांत आमची ड्रायव्हर ताई मला म्हणाली, "ताई, क्लच लोण्यावानी लागून रायला." मी म्हटलं, बघू नंतर. दोन दिवसांनी भर बाजारात रिव्हर्स गियर पडेना, नुसती खरखर. तिने पेडल पुरतं दाबून पहिला गियर टाकला, तर पाय उचलायच्या आधीच गाडीने पुढे झेप घेतली. समोर एक आजी टोपलं मांडून बसली होती. ताईने ब्रेक मारून चावी बंद केली, म्हणून हातभराच्या अंतरावर गाडी थांबली. ते अंतर आठवलं की मला अजून घाम फुटतो. कारण "बघू नंतर" म्हणणारी मीच होते.

गाडी ओढत गॅरेजात नेली. तिथल्या माणसाने बॉनेटही न उघडता सांगितलं, क्लच प्लेट गेली, गियरबॉक्स उतरवावा लागेल, 14,000 रुपये. मी हो म्हणणारच होते. तेवढ्यात आमची ताई म्हणाली, "भाऊ, प्लेट गेली असती तर काल भरली गाडी चढ चढली असती का?" तो गप्प. मग बॉनेट उघडलं. तेलाची बाटली जवळजवळ रिकामी होती. खाली वाकून पाहिलं तर गियरबॉक्सजवळच्या सिलिंडरचं रबर तेलाने ओलं. रबर किट, नवं तेल, मजुरी, सगळं मिळून 1,000 रुपयांच्या आत काम झालं.

आता हे समजून घ्या. काही गाड्यांचा क्लच तारेवर चालतो, काहींचा तेलावर. आपल्या गाडीचा कोणता ते आधी विचारून ठेवा. तेलाच्या क्लचमध्ये पेडलमागे एक सिलिंडर असतं, त्याला मास्टर म्हणतात. दुसरं खाली गियरबॉक्सजवळ, त्याला स्लेव्ह म्हणतात. मध्ये नळी. पेडल दाबलं की वरचं तेल खालच्या सिलिंडरला ढकलतं आणि ते क्लच सोडवतं. आपली हापशी आठवा. आत हवा धरली की दांडा रिकामाच हलतो, पाणी येत नाही. इथंही तसंच. तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. मग पाय खाली जातो आणि क्लच अर्धवटच सुटतो. गियरची खरखर त्याचीच, आणि ती बहुधा आधी रिव्हर्सला ऐकू येते.

म्हणून पाय काय सांगतो ते ऐका. पेडल नरम लागतं, पण दोन-तीनदा भराभर दाबलं की वर येतं, तर बहुधा हवा शिरली आहे. हवा आपोआप शिरत नाही. कुठंतरी गळती असते किंवा बाटलीतलं तेल उतरलेलं असतं. पेडलखालची चटई उचलून पेडलच्या दांडीमागे बोट फिरवा, मग खालच्या सिलिंडरचं रबर बघा. बोट ओलं झालं तर जागा सापडली.

कुठंच ओल नाही, पण दाबून धरलेलं पेडल हळूहळू खाली बसतं, सिग्नलला गियरमध्ये उभी असलेली गाडी आपोआप सरकायला लागते, तर मास्टर सिलिंडरच्या आतलं रबर झिजलेलं असू शकतं. तेल आतल्या आत मागे फिरतं, बाहेर थेंबही दिसत नाही. हा दोष फसवा आहे.

पेडल दगडासारखं जड झालं, तर प्रेशर प्लेट, फोर्क, बेअरिंग बघायला सांगा. आणि पेडल ठीक आहे, पण चढावर इंजिन नुसतं ओरडतं, गाडी ओढत नाही, जळका वास येतो, तर प्लेट झिजल्याचा संशय खरा. तेव्हा गियरबॉक्स उतरवायला नाही म्हणू नका. प्रत्येक मिस्त्री लुबाडतो असं मला मुळीच म्हणायचं नाही. आम्हाला निपल कुठे असते ते दाखवणाराही मिस्त्रीच होता.

हवा काढायला दोघी लागतात. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड लावलेले. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही शिरू नका. खालच्या सिलिंडरच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीतल्या तेलात बुडवा. वरची बाई पेडल चार-पाचदा हळू मारते आणि दाबून धरते. खालची निपल थोडी ढिली करते, तेलाबरोबर बुडबुडे निघतात, निपल कसते आणि मग सांगते, "सोड." त्याआधी पाय उचलला तर बाहेरची हवा परत आत ओढली जाते. पहिल्या वेळी आमची याच पायी तीनदा मेहनत वाया गेली, वरची आणि खालची एकमेकींवर ओरडल्या त्या वेगळ्याच. बुडबुडे थांबेपर्यंत हेच करायचं, आणि वरच्या बाटलीतलं तेल मधे-मधे भरत राहायचं. पहिल्यांदा जाणकार माणूस सोबत घ्या.

तेल म्हणजे ब्रेक ऑइल, झाकणावर डॉट 3 की डॉट 4 लिहिलं आहे ते बघून. इंजिन ऑइल चुकूनही नको, रबर फुगतात. ते सांडलं तर रंग उडतो, म्हणून लगेच पाण्याने धुवा. पोरांच्या हाती लागू देऊ नका, विषारी आहे. ते हवेतलं पाणी शोषतं, म्हणून उघडून ठेवलेलं जुनं तेल घालू नका आणि साधारण दोन वर्षांनी सगळं बदला. आणखी एक. पुष्कळ गाड्यांत ब्रेक आणि क्लचची बाटली एकच असते. तिथं पातळी उतरली तर गाडी चालवू नका, आधी गळती शोधा.

आमच्या गाडीच्या वहीत आता डिझेलच्या रकान्याशेजारी एक नवा रकाना आहे, "तेलाची पातळी". दर सोमवारी सकाळी ताई बॉनेट उघडते आणि मी लिहिते. मागच्या सोमवारी आमच्या खजिनदार काकू आपणहून पुढे आल्या, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "सरक बाई, आज मी पाह्यतो."