पाचगणीच्या गायकाची सही

परळच्या आमच्या बचत गटाकडे एका ताईंनी पाच हजारांचं कर्ज मागितलं. कशाला, तर फ्रेडी मर्क्युरीची सही असलेला फोटो घ्यायला! इंग्लंडच्या ‘क्वीन’ बँडचा हा मोठा गायक लहानपणी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत होता. फोटो तेव्हाचाच, सहीसुद्धा तेव्हाचीच, असं विकणारा सांगत होता.

आम्ही आधी नाव वाचलं. शाळेत तो फारुख बलसारा. मित्र फ्रेडी म्हणत, पण मर्क्युरी हे आडनाव त्यानं १९७०च्या सुमारास इंग्लंडात घेतलं. मग शाळकरी पोराच्या सहीत ते आलं कुठून?

नंतर भिंग लावलं. पेनाची रेघ सलग दिसते. इथे छपाईचे बारीक ठिपके होते. तरी विकणारा प्रमाणपत्र दाखवत होता. त्यावर देणाऱ्याचं नावच नव्हतं! बँकेत आपली सही नमुना सहीशी ताडतात ना, तशी हीसुद्धा खात्रीच्या जुन्या सह्यांशी ताडावी लागते. गायक १९९१ला वारला, त्याला विचारणार कसं?

कर्ज दिलं नाही. ताई दोन बैठका आमच्याशी बोलल्या नाहीत. आता शिलाई मशीनसाठी त्यांचा अर्ज आलाय.