कऱ्हा-नीरेच्या संगमावरची पांढर

बारामती तालुक्यातील सोनगाव येथे कऱ्हा नदी नीरेला मिळते, आणि पुढे नीरा इंदापूर तालुक्याच्या दक्षिण अंगाने वाहत नीरा-नरसिंहपूरला भीमेत विलीन होते. सोनगावच्या संगमाजवळ पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६५ साली उत्खनन केले, तेव्हा तेथे जोर्वे संस्कृतीची वसाहत उजेडात आली. प्रवरेकाठच्या जोर्वे या गावावरून नाव पडलेली ही संस्कृती ताम्रपाषाणयुगातील, म्हणजे तांबे माहीत होऊनही रोजची बहुतेक पाती दगडाचीच काढली जात त्या काळातील असून, तिचा भर इ.स.पू. १४०० ते १००० असा मानला जातो.

असे स्थळ पाहायला जाणाऱ्याच्या नजरेत भरेल अशी भिंत किंवा कमान तेथे नसते. असते ते करड्या-पांढुरक्या मातीचे टेकाड, ज्याला गावोगावी पांढर म्हणतात. राख, शेण, कुडाच्या भिंतींचा चिखल आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा केर साचून ही माती तयार होते, त्यामुळे भोवतालच्या काळ्या रानात ती लगेच वेगळी ओळखू येते. ओढ्याने वा पावसाने कापलेल्या कडेशी थांबून पाहिले, तर चोपलेल्या जमिनीची आडवी रेघ, तिच्यावर राखेचा पट्टा, त्यावर पुन्हा जमीन असा क्रम दिसू शकतो. पायाशी सापडणारे खापर तांबडे, काळ्या रेघांच्या नक्षीचे आणि उत्तम भाजल्यामुळे खणखणीत वाजणारे असेल, तर ते जोर्वे घडणीचे असण्याचा संभव मोठा. ते पाहावे आणि जागेवरच राहू द्यावे, कारण कोणत्या थरात, कशाशेजारी पडले होते हे हरवले की त्याची साक्षच संपते.

त्या थरांत किती माणुसकी दडलेली असते, हे याच पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातील घोडकाठच्या इनामगावने दाखवले. तेथे १९६८ ते १९८३ या काळात झालेल्या उत्खननांत घरांच्या जमिनीखाली लहान मुलांची दफने मिळाली. दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले आणि आत मूल, म्हणजे गेलेले लेकरूही घरातच राखलेले. नदीचे पाणी वळवण्यासाठी काढलेला पाट, बांध आणि जव हे मुख्य पीक, यांवरून पर्जन्यछायेतील शेतकऱ्याची पाण्याची जाणही कळते.

इ.स.पू. १००० नंतर इनामगावात ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या आणि शिकारीवरचा भार वाढला; पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी या उतरणीचा संबंध वाढत्या कोरडेपणाशी जोडला. पडत्या काळाचा हा पुरावा साहजिकच सर्वांत वरच्या थरांत असतो. खत म्हणून पांढरीची माती गाड्या भरून शेतात नेली जाते, किंवा कालव्याच्या पाण्यावर ऊस लावण्यासाठी टेकाड सपाट केले जाते, तेव्हा अवर्षणाशी झगडणाऱ्या त्या शेवटच्या पिढ्यांचेच थर सर्वांत आधी नाहीसे होतात.