सही केली, पण शिकलो काय?

मी निवृत्त गुरुजी. बत्तीस वर्षं सरकारी मराठी शाळेत शिकवलं. आज भाषण ठोकायला नाही, एक कबुली द्यायला उभा आहे.

नोकरीत असताना गणिताच्या एका प्रशिक्षणाला गेलो होतो. विषय अपूर्णांकांचा, बोलणं सगळं कन्नडमधनं. बाजारातलं, बसमधलं कन्नड मला येतं. त्या भाषेशी माझं भांडण नाही. 'भिन्नराशी' म्हणजे अपूर्णांक, एवढं कळलं. अंश आणि छेद तर दोन्ही भाषांत एकच. पण चार हा तीनपेक्षा मोठा म्हणून पोरगं पाव भाग तिसऱ्या भागापेक्षा मोठा सांगतं, तेव्हा त्याची समजूत कशी घालायची, यावर तासभर चर्चा झाली. ती माझ्या डोक्यावरनं गेली. हात वर करायला लाज वाटली. शेवटी फॉर्मवर 'उपयुक्त' लिहिलं आणि सही केली. कागदावर मी प्रशिक्षित झालो. सोमवारी वर्गात जुनंच शिकवलं.

आता कायदा काय म्हणतो बघा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 8 नुसार शिक्षकांना प्रशिक्षणाची सोय देणं सरकारचं कर्तव्य आहे. कलम 7 नुसार पैशाची जबाबदारी केंद्र आणि राज्य दोघांची. समग्र शिक्षा योजनेत कर्नाटकासारख्या राज्यासाठी हा वाटा 60 आणि 40 असा आहे. 2020 चं राष्ट्रीय धोरण तर प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान 50 तास प्रशिक्षण मिळावं म्हणतं. म्हणजे तरतूद आहे, तासही मोजलेत. पण हे प्रशिक्षण कुठल्या भाषेत द्यायचं, ते कलम 8 सांगत नाही. आपली गोची इथंच होते.

मात्र त्याच कायद्याचं कलम 29 म्हणतं, शक्य असेल तिथवर मुलाला मातृभाषेतनं शिकवावं. 1956 साली घटनेत आलेलं कलम 350-अ भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतनं मिळण्याची सोय करायला सांगतं. आपल्या मराठी शाळांना पाठ्यपुस्तकं मराठीत छापून मिळतात. मग पुस्तक मराठीत, पोरगं मराठी, आणि ते शिकवायचं कसं हे गुरुजीला सांगायचं दुसऱ्याच भाषेत, याला काय अर्थ आहे?

तुम्ही म्हणाल, आम्ही काय करणार? कलम 21 आणि 22 वाचा. शाळेच्या समितीत, म्हणजे आपल्या एसडीएमसीत, तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. ही समिती शाळा विकास आराखडा करते. कायद्यात स्पष्ट लिहिलंय की सरकारच्या योजना आणि अनुदान याच आराखड्यावर आधारलेलं असेल. पण आपल्याकडं काय होतं? हेडमास्तर कागद पुढं करतात आणि पालक सही करतात. मी केली तशीच.

तर येत्या बैठकीला आईबरोबर, काकाबरोबर तुम्ही जा. आराखड्यात खोली, कंपाउंड, पाण्याची टाकी असतेच. त्याखाली एक ओळ लिहायला लावा: 'आमच्या शिक्षकांना विषयाचं प्रशिक्षण मराठीतनं, मराठी साहित्यासह मिळावं, त्यासाठी निधी द्यावा.' त्याची पोच घ्या. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात विचारा: गेल्या वर्षी मराठी शाळांच्या किती शिक्षकांना, किती तास, कुठल्या भाषेत प्रशिक्षण दिलं आणि खर्च किती झाला? घोषणा द्यायला घसा लागतो, याला नुसता पेन लागतो.

मी त्या दिवशी हात वर केला असता, तर कदाचित पुढचं प्रशिक्षण वेगळं झालं असतं. माझ्या वर्गातली जी पोरं अपूर्णांकात अडकली आणि दहावीला गणितात बसली, त्यांच्यात माझ्या त्या सहीचाही वाटा आहे. तुम्ही सही करायच्या आधी कागद वाचा, एवढंच मागणं आहे.