पुन्हा पहिल्या इयत्तेत

तबकडी तोंडपाठ झाली की वाटतं, ती आपली झाली. माइल्स डेव्हिस यांची ‘काइंड ऑफ ब्लू’ ही जॅझची तबकडी १९५९मध्ये न्यूयॉर्कला दोन बैठकांत ध्वनिमुद्रित झाली. पहिल्या बैठकीत यंत्र किंचित मंद चाललं. म्हणून पहिली बाजू जरा चढ्या स्वरात वाजायची. ही चूक १९९२च्या आवृत्तीत सुधारली. २०००मध्ये अ‍ॅशली कान यांनी या एकाच तबकडीवर अख्खं पुस्तक लिहिलं. अशा पुस्तकांवर गप्पा रंगल्या, की मुरलेले रसिकही नवखे होतात. तीस वर्षं ऐकलं, ते मूळ स्वरात नव्हतंच! मग ते प्रेम खोटं का? मुळीच नाही. पाठ असलेली कविताही एखाद्या दिवशी नवा अर्थ सांगते. पुन्हा पहिल्या इयत्तेत बसायला लाज कसली?