अंतराचा हिशेब आणि तासांचा हिशेब



मजुरीचे तास मोजण्यात जन्म गेलेल्या आमच्यासारख्यांनी विमानप्रवासावर बोलावे, याचे आपणांस नवल वाटले असेल. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि सार्वजनिक वाचनालयात अधिक झाले. पण विषय अखेर तासांचा आहे, आणि तास मोजणे हे तर आमचे रोजचे काम.

आपण ऑस्ट्रेलिया ते लंडन हे एकच उदाहरण घेऊ. डिसेंबर १९४७ मध्ये क्वांटास कंपनीने सिडनी ते लंडन वाहतूक सुरू केली. डार्विन, सिंगापूर, कलकत्ता, कराची, कैरो असे थांबे घेत त्या विमानाला चार दिवस लागत. मार्च २०१८ मध्ये त्याच कंपनीचे विमान पर्थहून निघाले ते कोठेही न थांबता लंडनला उतरले. अंतर सुमारे १४,५०० किलोमीटर. वेळ १७ तासांहून थोडा अधिक.

हे अंतर कसे मोजतात? पृथ्वीच्या गोलावर दोन्ही गावांवर दोऱ्याची टोके धरा आणि दोरा ताणा. तीच सर्वांत जवळची वाट. सपाट नकाशावर ती वाकडी दिसते, तो दोष नकाशाचा.

आता वेळ पाहू. विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर धरला, तर भागाकार १६ तास येतो. मग वरचा तास गेला कोठे? थोडा चढण्या-उतरण्यात, थोडा वाटेच्या वळशात आणि पुष्कळसा वाऱ्यात. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. लंडनकडे जाताना ते अंगावर येतात, परतताना पाठीशी असतात. म्हणून परतीचा प्रवास लवकर आटोपतो.

वाऱ्याहून हट्टी असतात माणसांची भांडणे. एप्रिल २०२४ मध्ये इराणवरचे आकाश टाळावे लागले, तेव्हा पर्थच्या विमानास वळसा घेऊन सिंगापुरास तेल भरण्यासाठी उतरावे लागले. गावे जागच्या जागी राहिली. वाट मात्र लांबली.

आणि हे १७ तास कोणाचे? उतारू झोपतो; पुढे चार वैमानिक पाळीपाळीने जागतात, सेविका फेऱ्या घालतात. तिकिटावरची वेळ विमान हलल्यापासून धरतात, पण कामगार त्याआधीच हजर असतो. कित्येक कंपन्यांत पगारही विमान हलल्यावरच सुरू होई. याच प्रश्नावर ऑगस्ट २०२५ मध्ये कॅनडात एअर कॅनडाच्या दहा हजारांहून अधिक विमानसेवकांनी संप केला. उतारूंना बसवून घेणे, विमान निघण्याआधीची तपासणी करणे हे काम नव्हे काय, एवढाच त्यांचा सवाल होता. सरकारने कामावर परतण्याचा हुकूम काढला. संघटनेने तो मानला नाही. चौथ्या दिवशी तडजोड झाली, आणि जमिनीवरच्या कामालाही मोबदला द्यावा हे तीत आले. संपाने उतारूंचे हाल झाले, हे आम्ही नाकारीत नाही. पण न मोजलेला तास फुकट जातो, हे आम्ही कारखान्याच्या दारात पुष्कळदा पाहिले आहे.

आपल्यापैकी कोणाचा मुलगा, कोणाची लेक परदेशी असेल. पुढच्या खेपेस ‘किती तास लागले?’ असे विचाराल, तेव्हा ते तास आणखी कोणी कोणी भरले, हेही विचारा.