दोघींची चढण



गेल्या वर्षी आपल्या सहलीत वणीच्या गडावर मी निम्म्या पायऱ्यांवरच बसले. म्हटले, चाळिशी उलटली, आता पुरे!

मग लेकीने वाचून दाखविले. नेपाळच्या फुंजो लामा २०१८ साली पायथ्याच्या तळावरून एव्हरेस्टवर ३९ तास ६ मिनिटांत चढल्या. बायकांत तो विक्रम. २०२१ साली हाँगकाँगच्या त्सांग यिन-हुंग यांनी तो २५ तास ५० मिनिटांवर आणला. या पूर्वीच्या शिक्षिका, चाळिशी उलटलेल्या! पुढे २३ मे २०२४ रोजी फुंजोबाई रात्रभर चढून १४ तास ३१ मिनिटांत माथ्यावर. दोर मात्र शेर्पांनी आधीच बांधलेले असतात, बरे का.

यंदा मी पुन्हा गडावर जाणार. आमच्या ह्यांचे घड्याळ मागून ठेवले आहे. कोण कोण येता?